पदवीनंतरचं ते एक वर्ष

निकाल लागतो. पोरगी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स फर्स्ट क्लासमध्ये पास होते. गल्लीत पेढे वाटून होतात आणि चौथ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतो, ‘मग, लागली का नोकरी?’ सहा-आठ महिने गेले की तोच प्रश्न जरा बदलतो, ‘मग, बघताय का कुठे स्थळ?’ या दोन प्रश्नांच्या मधल्या काळात आपल्यासारख्या लहान गावांतल्या किती मुलींचं पुढचं आयुष्य ठरून जातं, याचा मैत्रिणींनो, आपण कधी हिशेब मांडलाय?

मी काही कॉम्प्युटरवाली नाही. माझं शिक्षण बी.ए., तेही समाजशास्त्र घेऊन. लग्नानंतर बार्शीत आले, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही एमएससीआयटी केलं आणि सर्टिफिकेट कपाटात ठेवून दिलं. पण गेली बरीच वर्षं बचत गट आणि मुलींची अभ्यासिका चालवतेय. त्यामुळे आयटीतली नोकरी हा विषय माझ्याकडे पुस्तकातून नाही, तर अभ्यासिकेत येणाऱ्या पोरींच्या उतरलेल्या चेहऱ्यांवरून आला. तीन वर्षं कॉम्प्युटर शिकलेली मुलगी, आणि तिला पुण्यात साधी मुलाखतसुद्धा मिळत नाही, हे कोडं मला सुटत नव्हतं.

यातल्या एकीची हकीगत सांगते. नाव नको, आपण तिला ‘ती’च म्हणू. तिचे वडील मार्केट यार्डात तोलार, आई ब्लाउज शिवते आणि आमच्या गटाची सभासद. ही बारावी झाली २०२० साली. पदवीचं पहिलं वर्ष सगळं कोरोनात गेलं. घरात मोबाइल एकच आणि शिकणारी भावंडं दोन. भावाचा तास असला की हिचा बुडायचा. प्रॅक्टिकल म्हणाल तर पहिल्या वर्षात तिने कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता. तरी सोलापूर विद्यापीठाची पदवी २०२३ मध्ये फर्स्ट क्लासमध्ये काढली. पण बारावीला ५८ टक्के! आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांची अट काय, तर दहावी, बारावी, पदवी, तिन्हीकडे ६० टक्के हवेत आणि एकही विषय राहिलेला नको. म्हणजे दोन टक्क्यांसाठी मोठे दरवाजे आधीच बंद.

त्यात साल नेमकं वाईट निघालं. हे मला पुढे कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे आपल्या पोरीत काही खोट आहे असं कुणी समजायला नको. कोरोनाच्या काळात सगळं जग ऑनलाइन झालं, तेव्हा आयटीत भरतीचा पूर आला होता. २०२१-२२ या एका वर्षात एकट्या टीसीएसने एक लाख नवे पदवीधर घेतले. पुढे परदेशातली कामं आटली आणि पाणी ओसरलं. २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची माणसं आदल्या वर्षापेक्षा कमी झाली. तिघींची मिळून घट ६० हजारांच्या वर! कित्येक मुलांच्या हातात ऑफर लेटर होतं, पण रुजू व्हायची तारीख येत नव्हती. दोन वर्षं आधी पास झालेली शेजारची मुलं घरबसल्या नोकरीला लागली आणि ही मात्र सहा महिने नुसते अर्ज भरतेय, हे बघून घरचे तिलाच बोल लावायचे. पेरणी तीच, पण पाऊस कोणत्या वर्षी किती पडला हेही बघावं लागतं, ते कुणी बघत नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, ‘काकू, इथे बसून काही होणार नाही. पुण्यात जावं लागेल. सगळे वॉक-इन तिथेच होतात. सकाळी मेसेज येतो, दुपारी पोचावं लागतं. बार्शीहून एसटीने निघेपर्यंत तिकडची रांग संपते.’

खर्च काढला. कॉट बेसिसवर राहायचे साडेचार हजार, मेसचे तीन हजार, बसभाडं, झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज. महिन्याला नऊ ते दहा हजार. सहा महिन्यांचे पन्नास-साठ हजार. आईची वीस हजारांची भिशी लागणार होती. वडील दहाची जुळवाजुळव करणार होते. उरलेल्या तीस हजारांसाठी आईने गटात कर्जाचा अर्ज दिला.

मैत्रिणींनो, त्या दिवशीची बैठक अडीच तास चालली. आमचा पंधरा जणींचा गट. आतापर्यंत कर्जं दिली ती शेळीला, शिलाई मशीनला, दवाखान्याला, फार तर कॉलेजच्या फीला. नोकरी ‘शोधायला’ कर्ज हे कुणी ऐकलंच नव्हतं. आमच्या खजिनदार मावशी स्पष्टच म्हणाल्या, ‘शेळीला पैसे दिले तर शेळी तरी दिसती. हितं काय दिसणार?’ दुसरी म्हणाली, ‘आणि मधेच पोरीचं लग्न जमलं तर हप्ता कोण भरणार? सासरचे भरतील का?’ प्रश्न चूक नव्हते. गटातला प्रत्येक रुपया कुणाच्या तरी भाजीतून, कुणाच्या खुरपणीतून आलेला. तो बुडाला तर गट मोडतो, आणि गट मोडला तर पुढच्या दवाखान्याला काय करायचं?

तिची आई फार बोलणारी बाई नाही. ती एवढंच म्हणाली, ‘मशीनला कर्ज घेतलं तवा मला कुणी इचारलं न्हाई, की कापडं आली न्हाईत तर काय करशील. हप्ता मी भरन. पोरीचं लग्न झालं तरी मीच भरन.’

कर्ज मंजूर झालं, पण अटींवर. गटातल्या दोघी जामीन. पहिले सहा महिने फक्त व्याज, मुद्दल नंतर. आणि मावशींनी घातलेली शेवटची अट अशी, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक असते, तेव्हा पोरीने फोन करून, स्पीकरवर, सगळ्या बायकांना सांगायचं की महिन्याभरात काय केलं. त्या वेळी मला ही अट जाचक वाटली. पण तिचा गुण पुढे दिसला.

जानेवारी २०२४ मध्ये ती पुण्याला गेली. पहिल्या रविवारी फोनवर रडवेली झाली होती. एका वॉक-इनला आठशे मुलं होती म्हणे, रांग रस्त्यापर्यंत. दुपारी तीनला बायोडेटा घेतला आणि ‘कळवू’ म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी अॅप्टिट्यूडमध्ये गेली. अॅप्टिट्यूड म्हणजे गणितं आणि तर्काचे प्रश्न, एका प्रश्नाला जेमतेम मिनिट. तिसऱ्या ठिकाणी तिथपर्यंत निभावलं, पण मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्यावर पाठ केलेलं इंग्रजी मध्येच अडकलं. बायका शांतपणे ऐकत होत्या. मग एक वहिनी म्हणाली, ‘अगं, तू मराठीत सांग बरं आधी तुझ्याबद्दल.’ तेही तिला नीट सांगता येईना! तेव्हा कळलं, की अडचण एकट्या इंग्रजीची नाही. ‘मी कोण, मला काय येतं’ हे आपल्या मुलींना आपण कधी बोलूच दिलेलं नसतं. त्या महिन्यापासून दर रविवारी फोनवर आधी मराठीत, मग साध्या इंग्रजीत ती स्वतःबद्दल दोन मिनिटं बोलायची. पंधरा जणींसमोर बोलायची सवय झाल्यावर मुलाखतीच्या तिघांची भीती ती काय राहणार?

दुसऱ्या महिन्यात ती फार खुशीत होती. एका बड्या कंपनीच्या नावाने ई-मेल आला होता. नोकरी पक्की, फक्त लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून साडेचौदा हजार आज संध्याकाळपर्यंत भरायचे, नंतर परत मिळणार. मावशींनी मधेच तोडलं, ‘थांब. नोकरी देणारा पैसे कशाला मागतोय? तुझ्या बापाने यार्डात काम मिळवायला कुणाला डिपॉझिट दिलं होतं का?’ ई-मेलचा पत्ता नीट बघितला, तर कंपनीचा नव्हताच, कुणीही उघडू शकेल असा साधा जीमेलचा होता. नावाजलेल्या कंपन्या स्वतःच सांगतात, की आम्ही उमेदवाराकडून पैसे घेत नाही. एवढं एक वाक्य प्रत्येक आईने लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. आणि कुणाचे पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसायचं नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

याच्याहून वाईट आमिष तिसऱ्या महिन्यात आलं. एका क्लासवाल्याने सांगितलं, ‘फ्रेशरला कुणी विचारत नाही. पैसे भर, दोन वर्षांचा अनुभव दाखवणारे कागद करून देतो.’ तिच्या खोलीतल्या एका मुलीने ते केलं, तिला नोकरीही लागली. तीन महिन्यांत कंपनीने कागदांची चौकशी केली आणि काढून टाकलं. आमच्या पोरीलाही मोह झाला होता, तिने तो लपवला नाही. तेव्हा तिची आई म्हणाली, ‘माप मारलेला माल एकदाच इकला जातो.’ तोलाराची बायको ती!

मग हिने काय केलं? उसंत काढून एकेक गोष्ट पक्की केली. डेटाबेससाठी एसक्यूएल, थोडं पायथन आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याने बनवलेला प्रोग्रॅम तपासायचा, तो कुठे चुकतो ते शोधायचं. क्लासला भरायला पैसे नव्हते, पण फुकट आणि चांगलं शिकायची सोय आहे, हे फार जणींना माहीत नसतं. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचे धडे आहेत, त्यातले बरेच मराठीतही मिळतात. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलचे कोर्स फुकट बघता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच फी. आणि ज्यांना आणखी सहा महिने आणि खर्च झेपेल त्यांच्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्याला प्रवेश परीक्षा असते आणि शेवटी कंपन्या मुलाखतीला येतात.

पण खरा फरक पडला तो तिच्या प्रोजेक्टने. कॉलेजात तिने सगळ्यांसारखंच ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’चं प्रोजेक्ट दिलं होतं, तेही सीनियरकडून घेतलेलं. मुलाखतीत त्यावर प्रश्न आला की दातखीळ बसायची. आता तर चॅटजीपीटीसारखी साधनं आल्यापासून, म्हणजे २०२२ च्या अखेरपासून, कोड कुणीही लिहून आणतं. म्हणून मुलाखत घेणारे विचारतात, ‘ही ओळ का लिहिलीस? ही काढली तर काय होईल?’ आयतं आणलेलं तिथे उघडं पडतं. तिने नवं प्रोजेक्ट केलं ते वडिलांच्या कामावर. शेतकऱ्याची तूर यार्डात आली, वजन झालं, भाव निघाला, हमाली आणि तोलाई वजा जाऊन हातात किती, त्याची हिशोबपट्टी काढणारा छोटा प्रोग्रॅम. वडिलांना फोन करकरून तिने बारकावे विचारले. ‘पहिल्यांदाच पोरगी माझ्या कामाबद्दल इचारतीय,’ असं ते मला सांगत होते.

जूनच्या शेवटी बाणेरच्या एका शे-दीडशे माणसांच्या कंपनीत टेस्टिंगच्या जागेसाठी मुलाखत झाली. समोरच्यांनी तिचाच प्रोग्रॅम उघडला आणि विचारलं, ‘हा तुला तपासायला दिला, तर काय काय तपासशील?’ ती म्हणाली, वजनाच्या रकान्यात कुणी शून्य टाकलं तर? आकड्याऐवजी अक्षर पडलं तर? बारदानाचं वजन वजा करायचं राहिलं तर? एकाच शेतकऱ्याची पट्टी दोनदा निघाली तर? व्याकरण चुकत होतं, पण थांबली नाही. तीन दिवसांनी ऑफर आली, आणि या वेळी कुणी डिपॉझिट मागितलं नाही.

आता पगाराचं सांगते, कारण इथे घरोघरी गैरसमज होतात. ऑफरवर लिहिलं होतं वर्षाला २ लाख ६४ हजार. वडिलांनी लगेच भागाकार केला, महिना २२ हजार. हातात आले १८ हजारांच्या आसपास. घरच्यांना वाटलं, फसवलं! तसं नसतं. ऑफरवरचा आकडा म्हणजे सीटीसी, कंपनीला पडणारा एकूण खर्च. त्यात पोरीच्या पीएफचा वाटा, कंपनीचा पीएफचा वाटा, ईएसआयसी, ग्रॅच्युइटी असं सगळं धरलेलं असतं. पीएफचा पैसा तिचाच असतो, त्यासाठी मिळणारा यूएएन नंबर जपून ठेवायचा. नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो. एक चांगली गोष्टही सांगते. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे. तेवढाच पगार मुलाला असता, तर महिन्याला दोनशे रुपये गेले असते.

मोठ्या कंपन्यांमध्येही फ्रेशरचा पगार साधारण साडेतीन लाखांच्या आसपासच असतो. पंधरा वर्षांपूर्वीही तो तीन-सव्वातीन होता! महागाई कुठल्या कुठे गेली, हा आकडा जागचा हलला नाही. तेव्हा ‘आयटी म्हणजे लाखांत पगार’ हे डोक्यातून काढा. पहिली नोकरी ही शिकण्याची असते. पगार वाढतो तो दोन-तीन वर्षांनी, हातात काम आल्यावर.

आणखी एक पेच आला. कामाची वेळ दुपारी दोन ते रात्री अकरा, कारण काम अमेरिकेतल्या ग्राहकाचं. वडील म्हणाले, ‘रात्री अकराला पोरगी रस्त्यावर? नको ती नोकरी.’ इथवर येऊन! मी त्यांच्याशी वाद घातला नाही. बापाची काळजी खोटी नसते. फक्त काळजी करायची तर माहिती घेऊन करायची, असं म्हटलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला काम द्यायचं, तर तिची संमती लागते आणि सुरक्षितता, येण्याजाण्याची सोय मालकाने बघायची असते. तिने कंपनीत विचारून घेतलं. दारापर्यंत गाडी होती, आणि शेवटी उतरणारी मुलगी असेल तर सोबत गार्ड. दुसरं, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असावीच लागते, तो २०१३ चा कायदा आहे. समितीत कोण आहे हे पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवायचं. यात संकोच कसला? वडील एकदा पुण्याला जाऊन ती गाडी, ती सोसायटी स्वतः बघून आले. मग तयार झाले.

रुजू होताना दोन कागद मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून वाचले. एक बाँड, म्हणजे किती महिने सोडता येणार नाही आणि सोडली तर किती भरायचे. दुसरा नोटीस पिरियड. मूळ मार्कशीट कंपनीकडे ठेवून घ्यायची गोष्ट निघाली तर सही करायच्या आधी दहा वेळा विचार करा. दाखवायला मूळ, द्यायला झेरॉक्स.

कर्जाचं काय झालं, हे विचारणारच तुम्ही. ऑगस्ट २०२४ पासून महिन्याला अडीच हजार मुद्दल आणि वर व्याज असं भरत वर्षभरात फिटलं. एकही हप्ता चुकला नाही. स्थळं येतात, ती आईला म्हणते, ‘बघ, पण नोकरी पुण्यात आहे हे आधी सांग.’ हे वाक्य म्हणायची ताकद त्या १८ हजारांतून आली.

सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही. तिच्याच बॅचची एक जण वर्ष वाट बघून घरी परतली, आता इथल्याच पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसते आणि समाधानी आहे. आयटीचा भरवसा पूर्वीसारखा राहिलेला नाही हेही खरं. टीसीएससारख्या कंपनीने २०२५ च्या जुलैमध्ये सुमारे १२ हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं. तेव्हा नोकरी लागली म्हणजे जन्माची सोय झाली असं नाही, शिकत राहावं लागतंच.

पण एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. फार चांगलं झालं. पण पदवीनंतरचं ते एक वर्ष त्या माफीत बसत नाही. त्या वर्षाला फी नसते. तिथे कॉटचं भाडं लागतं, मेसचे पैसे लागतात, बसचं तिकीट लागतं, आणि घरच्यांचा धीर लागतो. तीन वर्षं शिकवून पोरीला नेमकं तिथे सोडून देणं म्हणजे विहीर खणायची, आणि दोरासाठी पैसे नाहीत म्हणून पाणी काढायचं नाही!

आमच्या गटाने आता नियमांच्या वहीत एक ओळ वाढवली आहे, ‘नोकरी शोधण्यासाठी कर्ज, कमाल तीस हजार, दोन जामीन, सहा महिने फक्त व्याज, महिन्याला एक फोन.’ ती ओळ मावशींनी स्वतःच्या हाताने लिहिली. सध्या दुसरी मुलगी पुण्यात आहे, तिला अजून काही लागलेलं नाही. येत्या रविवारी तिचा फोन यायचाय. तुमच्या गटाची वही उघडून बघा, अशी एखादी ओळ त्यात बसते का.